दम लवकर येतो, पाय उशिरा

पत्र: मी आणि माझा धाकटा भाऊ, आमच्या दोघांच्या मालकीचा एक चार वर्षांचा घोडा आहे. 1400 मीटरला त्याने दोन शर्यती जिंकल्या, 1600 ला दुसरा आला. म्हणून त्याला 2000 मीटरला दोनदा उतरवलं. दोन्ही वेळा वळण संपेपर्यंत तो पुढे होता आणि सरळ पट्ट्यात उभा राहिल्यासारखा झाला. दुसऱ्या वेळी त्याने पहिले 1000 मीटर 60 सेकंदांत काढले, शेवटचे 400 मीटर साडेसत्तावीस सेकंदांत, एकूण वेळ 2 मिनिटं 5 सेकंद. जॉकी म्हणतो, तो गेटमधून सुटल्यापासून लगाम ओढत असतो. सकाळी रोज साधारण 2000 मीटर कँटर, म्हणजे संथ लयीतली दौड, आणि आठवड्यातून एकदा 800 मीटर जोरात, असं काम चालू आहे. भावाचं म्हणणं, रोजचं अंतर दुप्पट करा. एका परिचितांनी इंटरव्हल ट्रेनिंगचा आग्रह धरलाय. ट्रेनर म्हणतात, याच्या रक्तातच लांब पल्ला नाही, 1400 लाच ठेवा. ट्रेनर माणूस कष्टाळू आहे, पण त्यांनी या बाबतीत प्रयत्नच केला नाही असं आम्हाला वाटतं. अंतर वाढवावं, पद्धत बदलावी की ट्रेनरच बदलावा?

उत्तर:

वेळा लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

हिशेब मांडून बघा. पहिल्या 1000 मीटरला तुमच्या घोड्याने दर 400 मीटरमागे 24 सेकंद लावले. मधल्या 600 मीटरला तोच दर 25 सेकंदांवर आला आणि शेवटच्या 400 ला साडेसत्तावीस. हाच घोडा त्याच दिवशी एकसारख्या वेगाने पळाला असता, तर दर 400 ला 25 सेकंद पडले असते आणि घड्याळात तेच 2 मिनिटं 5 सेकंद दिसले असते. फरक एवढाच, की शेवटच्या पट्ट्यात तो इतरांबरोबर पळत असता आणि अंगात थोडा जोर शिल्लक असता, म्हणजे घड्याळही कदाचित सुधारलं असतं. तेव्हा या घोड्याला 2000 मीटर झेपत नाही असा निकाल एवढ्यावरून देता येत नाही. पहिल्या 1000 मीटरला 24 च्या दराने पळून वर आणखी 1000 मीटर त्याला झेपले नाहीत, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आता लगाम ओढण्याचं बघू, कारण ते वेगाइतकंच महाग पडतं. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने नाही. भरधाव पळताना त्याचा श्वास टापांना बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास, सेकंदाला दोनपेक्षा जास्त. माणसासारखं मधेच दोन खोल श्वास घेऊन सावरणं त्याला जमत नाही. जॉकी मागे खेचतोय, घोडा हनुवटी छातीकडे घेऊन झगडतोय, मान कमानीसारखी वाकलेली आहे, अशा स्थितीत घशापाशी हवेची वाट अरुंद होते. ऐन जोराच्या वेळी हवा कमी मिळाली की स्नायू ऑक्सिजनविना ऊर्जा काढू लागतात. त्यातून लॅक्टेट आणि आम्लता साचते आणि सरळ पट्ट्यात टाप जड पडते. 1400 ला हे खपून जातं, कारण हिशेब चुकता व्हायच्या आत शर्यत संपते. 2000 ला खपत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला पळवण्याबद्दल नाही. आधी पशुवैद्यांकडून त्याची वाट, म्हणजे नाकापासून फुप्फुसांपर्यंतची वाट, तपासून घ्या. स्वरयंत्राच्या एका बाजूचा स्नायू दुबळा पडला असेल तर जोरात पळताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. हे दुखणं विश्रांतीत लपून राहू शकतं, त्यामुळे दुर्बिणीची तपासणी पळताना किंवा पळाल्याबरोबर झाली तर जास्त कळतं. जोरदार कामानंतर फुप्फुसातून रक्त येतंय का, हेही त्याच दुर्बिणीत दिसतं. नाकातून रक्त दिसत नाही म्हणून आत रक्तस्राव नाही, असं धरून चालू नका. बहुतेक घोड्यांत ते बाहेर दिसतच नाही. हृदयाची लय ऐकून घ्या, रक्त तपासा आणि पोटाचाही विचार करा. ट्रेनिंगमधल्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण इतके सर्रास असतात, की खाणं अर्धं टाकणारा आणि लगामाशी झगडणारा घोडा दिसला की माझी पहिली शंका तीच असते. यातलं काहीही निघालं, तर ते बरं होईपर्यंत कुठलीही पद्धत त्याला लांब पळवू शकणार नाही. काहीच निघालं नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

तुमच्या भावाचा मुद्दा घेऊ. अंतर वाढवलं की दम वाढतो, हे चूक नाही. हळू आणि लांब कामाने घोड्याच्या शरीरात खरोखर खूप काही घडतं. विश्रांतीत मिनिटाला 30 ते 40 ठोके देणारं त्याचं हृदय पूर्ण जोरात 220 ते 240 पर्यंत जातं. ट्रेनिंगने हा वरचा आकडा बदलत नाही, एका ठोक्यात फेकलं जाणारं रक्त वाढतं. प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी पळताना रक्तात उतरतात आणि रक्तातलं पेशींचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपासवरून 60 च्या वर जातं. असा राखीव साठा माणसाकडे जवळपास नसतोच. स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा वाढते, झटकन थकणारे तंतू हळूहळू जास्त टिकणाऱ्या प्रकाराकडे झुकतात. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ट्रेनिंगच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत 10 ते 20 टक्क्यांनी वाढू शकते.

पण हे सगळं पहिल्या काही महिन्यांत होऊन जातं. तुमचा घोडा चार वर्षांचा आहे, शर्यती जिंकलेला आहे. संथ कँटरने मिळणारा बराचसा लाभ त्याने आधीच घेतलाय. 2000 च्या जागी 4000 मीटर कँटर रोज केला, तर तो 4000 मीटर कँटर करण्यात पटाईत होईल. शर्यत मात्र कँटरच्या वेगाने पळत नाहीत. लांब शर्यतीत कामाला येतो तो एक विशिष्ट वेग: ज्या वेगापर्यंत रक्तातलं लॅक्टेट फार चढत नाही तो. अभ्यासक यासाठी लिटरमागे 4 मिलिमोल ही खूण धरतात, किंवा सोपं माप म्हणून ठोके 200 वर असतानाचा वेग बघतात. हा वेग वर सरकला की घोडा तेच 25 सेकंद कमी कष्टात काढतो. आणि तो सरकवायचा तर त्या वेगाच्या आसपास काम व्हायला हवं, त्याच्या निम्म्या वेगाने तासन्‌तास नव्हे.

अंतर दुप्पट करण्याला माझा खरा विरोध मात्र पायांसाठी आहे. या पत्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: घोड्याचं हृदय आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडांना महिने लागतात, आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तर वाढीचं वय उलटल्यावर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे ज्या दिवशी घोडा वर बसलेल्याला सांगतो की मला अजून पळायचंय, त्या दिवशी त्याचे पाय तयार असतीलच असं नाही. अंगात आलेल्या जोरावर पायांचा अंदाज बांधला की इजा होते.

हाडाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहे. पुढच्या पायाचं गुडघ्याखालचं नळीचं हाड घोड्याच्या वेगाप्रमाणे वेगवेगळ्या दिशेने वाकतं. कँटरला एका तऱ्हेने ताण येतो, भरधाव वेगाला वेगळ्या तऱ्हेने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड नुनामेकर यांनी तरुण घोड्यांच्या नळीदुखीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं: लांब, संथ कँटरवर वाढवलेल्या घोड्याचं हाड त्या संथ कामासाठी घडतं, आणि अचानक शर्यतीचा वेग आला की नेमक्या ज्या बाजूला ताण येतो तिथे ते कमी पडतं. याउलट, अगदी छोट्या अंतराचा पण शर्यतीच्या जवळपासचा वेग नियमित मिळालेल्या घोड्यांचं हाड योग्य बाजूला जाड झालं आणि नळीदुखी कमी झाली. हाडाला निरोप पोचवायला फार थोड्या टापा पुरतात. त्यानंतर तोच ताण हजार वेळा दिल्याने हाड हजारपट मजबूत होत नाही, ते फक्त झिजतं. भरधाव कामाचे मीटर थोड्या आठवड्यांत भराभर रचले की गंभीर इजांचा धोका वाढतो.

याच कारणाने लांब विश्रांतीनंतरचे पहिले आठवडे मला सगळ्यात नाजूक वाटतात. दोन-तीन आठवडे कमी काम झालं तर घोड्याचा दम फारसा उतरत नाही, माणसापेक्षा तो बराच टिकतो. पण दोन-तीन महिने उभा राहिलेला घोडा परत आला की हाड आतून नव्याने रचलं जात असतं आणि काही काळ पोकळसर असतं. घोडा ताजातवाना, उड्या मारणारा, आणि पाय कच्चे. अशा वेळी "हा तर तयार दिसतोय" म्हणून जोरात सोडू नये.

कंडरांचं सांगायचं तर, पायामागची वरची कंडरा भरधाव वेगात ताणते आणि सुटते, आणि त्यात तिच्या गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलं गेलंय. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा. म्हणून थकलेल्या घोड्याला जोरात पळवत राहणं हे कंडरेसाठी सर्वांत वाईट. स्नायू थकले की सांधा जास्त खाली बसतो आणि सगळा भार तिच्यावर येतो.

आता तुमच्या परिचितांची इंटरव्हलची गोष्ट. एका लांब दौडीऐवजी तीच मेहनत तुकड्यांत, मधे चालवून, ठोके उतरू देऊन. ही पद्धत मला पटते, पण अटींसह. ब्रिटनमध्ये ट्रेनर मार्टिन पाइप यांनी अडथळ्यांच्या शर्यतींसाठी ती गांभीर्याने वापरली. या शर्यती 3200 मीटरच्या आसपास सुरू होतात आणि दुपटीपर्यंत जातात. पाइप यांचे घोडे मात्र सकाळी एवढं अंतर सलग पळत नसत. चढाच्या छोट्या पट्ट्यावरून वर, मग चालत खाली, पुन्हा वर. त्यांच्याकडे स्वतःची रक्त तपासणीची प्रयोगशाळा होती. पाइप 15 वेळा तिथले चॅम्पियन ट्रेनर ठरले आणि पहिल्यापासून पुढे राहून शेवटपर्यंत न थकणारे घोडे ही त्यांची ओळख झाली. शर्यतीइतकं अंतर घरी न पळवताही लांब पल्ल्याची तयारी होते, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही.

चढाचा फायदा साधा आहे. चढावर कमी वेगातही ठोके वर जातात, हृदय आणि मागचे स्नायू पूर्ण काम करतात, पण टाप आदळण्याचा वेग कमी राहतो. दम वाढवण्याची किंमत पुढच्या पायांना कमी द्यावी लागते. जपानमध्ये रित्तोच्या ट्रेनिंग केंद्रात 1985 मध्ये चढाचा ट्रॅक सुरू झाला. त्याचा सर्वांत गाजलेला विद्यार्थी म्हणजे मिहोनो बुर्बोन हा घोडा. ट्रेनर तामेओ तोयामा. घोड्याची वंशावळ बघून बहुतेकांनी त्याला छोट्या पल्ल्याचा ठरवलं होतं. तोयामांनी त्याला दिवसाला चार-चार वेळा त्या चढावर पाठवलं, जे इतरांच्या मानाने फारच जास्त होतं. 1992 मध्ये त्याने 2000 मीटरची सात्सुकी-शो जिंकली, मग 2400 मीटरची जपानी डर्बी जिंकली, तोवर एकदाही न हरता. त्याच वर्षी 3000 मीटरच्या किक्का-शोमध्ये राइस शॉवरने त्याला मागे टाकलं आणि तो दुसरा आला. त्यानंतर पायाच्या दुखापतींमुळे तो पुन्हा कधीच पळाला नाही.

ही कहाणी अर्ध्यावर थांबवून सांगणारे खूप भेटतात. मेहनतीने वंशावळीवर मात केली, एवढंच सांगतात. मला ती पूर्ण ऐकावीशी वाटते. मेहनतीने छोट्या पल्ल्याच्या घोड्याला 2400 पर्यंत नेलं, 3000 ला सीमा आली, आणि पायांनी पुढची साथ दिली नाही. पायांचं नेमकं कशामुळे बिघडलं यावर मी बोट ठेवत नाही. पण एवढ्या कामाचा विचार करताना हा शेवट डोळ्यांआड करणं घोड्याच्या हिताचं नाही.

इथे तुमच्या ट्रेनरांचं म्हणणं येतं, आणि ते निराधार नाही. 2010 मध्ये डब्लिनमधल्या एमेलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातला एक फरक शर्यतीच्या अंतराशी जोडून दाखवला. स्नायूंची वाढ आवरणारं हे जनुक. त्याचे तीन प्रकार पडतात. सी-सी घोडे भारदस्त, लवकर तयार होणारे, छोट्या पल्ल्याकडे झुकणारे. टी-टी सडपातळ, उशिरा खुलणारे, लांब पल्ल्याचे. सी-टी मधले, साधारण मैल ते 2000 च्या आगेमागे. केसांच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून ही तपासणी होते. तुमचा घोडा 1600 ला दुसरा आलाय, म्हणून तो मधल्या गटात असण्याची शक्यता मला बरी वाटते. तपासणी करून घ्या. सी-सी निघाला, तर ट्रेनरांचं ऐका आणि त्याला 1400 चा राजा राहू द्या, त्यात काहीच कमीपणा नाही. सी-टी निघाला, तर 2000 त्याच्या आवाक्यात आहे आणि प्रयत्न न करणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

समजा वाट मोकळी आहे, पोट ठीक आहे आणि जनुकही आडवं येत नाही. मग मी बारा आठवडे मागेन. त्याहून कमी वेळात पाय जोडीला येत नाहीत.

पहिले चार आठवडे वेगाला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदाचं जोराचं काम आहे तसंच, फक्त 800 चं 600 करा आणि शेवटचे 200 मीटर शर्यतीच्या वेगाने जाऊ द्या, हाडासाठी एवढं पुरे. कँटरच्या दिवसांपैकी दोन दिवस अंतर थोडं थोडं वाढवत 3000 पर्यंत न्या, पण 200 मीटरला 20 ते 22 सेकंद, त्याहून जोरात नाही. उरलेले दिवस हलके, त्यातला एक फक्त चालण्याचा. या महिन्यातलं खरं काम वेगळंच आहे: त्याला निवांत पळायला शिकवणं. एका शांत, अनुभवी घोड्याच्या मागे, दीड-दोन घोड्यांएवढं अंतर सोडून, लगाम सैल ठेवून. वर बसणारा मुलगा हलक्या हाताचा हवा. ओढणाऱ्या घोड्याला ओढून थांबवणारा मुलगा त्याला आणखी ओढायला शिकवतो. तुमच्या घोड्याच्या बाबतीत सगळ्या इंटरव्हलपेक्षा या एका सवयीने जास्त मीटर मिळतील असं मला वाटतं. ट्रॅकवर जागा असेल तर कधी दिशा बदला, कधी त्याला दुसऱ्याच कुठल्या वाटेवर फिरवून आणा. रोज तेच वळण आणि तोच खांब आला, की त्या खांबापाशी तो आपोआप पेटतो.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात जोराचे दिवस दोन करा, मधे किमान तीन दिवस सोडून. याला कारण आहे. जोरदार कामात स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधनाचा, साठा उतरतो, आणि घोड्यात तो भरून यायला 48 ते 72 तास लागतात. माणसाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ. परवाच जोरात पळालेल्या घोड्याला आज पुन्हा पळवलं, तर तो अर्ध्या भरलेल्या स्नायूंवर पळतो आणि दमछाकीचंच ट्रेनिंग घेतो. दोन दिवसांपैकी एक जुन्यासारखा, 600 मीटर, शेवट वेगात. दुसरा तुकड्यांचा: 600 मीटर 200 ला 16 सेकंदांच्या दराने, मग चालवत ठोके 110 च्या खाली उतरू द्यायचे, मग पुन्हा 600. पहिल्या दोन आठवड्यांत दोन तुकडे, नंतर तीन. चढ उपलब्ध असेल तर हे काम चढावर आणि आणखी कमी वेगात. पोटपट्ट्याखाली बसणारा ठोके मोजणारा पट्टा वापरा, अंदाजाने होत नाही. तिसरा तुकडा पहिल्याइतकाच सहज गेला पाहिजे. तो मंदावला किंवा ठोके उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला, तर तिथेच थांबा. चौथा तुकडा मोहाचा असतो, तो नको. आणि वेग आणि अंतर एकाच आठवड्यात कधीही वाढवू नका. आठवा आठवडा मुद्दाम हलका ठेवा.

शेवटच्या चार आठवड्यांत तुकड्यांच्या जागी एक सलग काम: 1400 ते 1600 मीटर, 200 ला 16-17 सेकंद, शेवटचे 400 थोडे मोकळे सोडून. इतर घोड्यांच्या मागे. यापलीकडची तयारी सकाळच्या कामाने होत नाही, शर्यतींनीच होते. ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही शर्यत 12 वेळा जिंकणारे ट्रेनर बार्ट कमिंग्ज, पहिला 1965 ला आणि शेवटचा 2008 ला, त्यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: 3200 मीटरच्या त्या शर्यतीला उतरण्याआधी घोड्याच्या पायांत त्या हंगामातल्या शर्यतींचे 10,000 मीटर असावेत. घरच्या ट्रॅकवरचे मीटर ते यात धरत नसत. तुम्हाला 3200 ला जायचं नाही, म्हणून आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण 1400 वरून थेट 2000 ला उडी घेण्याऐवजी वाटेत पायऱ्या हव्यात, हे त्यातून घ्या.

या बारा आठवड्यांत तुम्हाला मालक म्हणून करता येण्यासारखं एक काम आहे. जोराच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, पट्ट्या सुटल्यावर आणि घोडा ठाणाबाहेर निघायच्या आधी, सईसाशेजारी उकिडवे बसा. घोड्याचा पाय उचलायचा नाही, तो उभाच असू द्या. तळहात गुडघ्याखाली मागच्या बाजूला ठेवून हळूहळू खाली आणा, मग दुसऱ्या पायावर तसाच, मग पुन्हा पहिल्यावर. निरोगी कंडरा दोरीसारखी घट्ट, थंड, कडा स्पष्ट लागणारी असते. एका पायाला किंचित ऊब, कडा थोड्या बुजलेल्या, बोटाने दाबल्यावर पाय जरासा आखडता घेतला, एवढंही पुरेसं आहे. लंगडण्याची वाट बघायची नाही. नंतर नळीच्या पुढच्या बाजूला अंगठा फिरवा, तिथे दुखरी जागा असेल तर तो कान मागे घेईल. सईस हे रोज करतोच, आणि त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा जाणता आहे. तो म्हणाला "आज जरा गरम वाटतोय", तर त्या दिवशीचं काम रद्द, ट्रेनरांनी ठरवलेलं असो की तुम्ही.

वजन दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच काट्यावर. शर्यतीनंतर वजन उतरतं, पण चार-पाच दिवसांत भरून आलं नाही, खुराक उरायला लागला, अंगावरची लकाकी गेली, किंवा एरवी शांत असणारा घोडा चिडू लागला, तर काम जास्त होतंय. अशा वेळी दम वाढवायला आणखी काम देण्याची चूक सर्रास होते. काम निम्मं करा आणि आठवडाभर बघा.

ट्रेनर बदलू नका. निदान या कारणासाठी नको. तुम्हीच लिहिलंय की माणूस कष्टाळू आहे, आणि त्यांनी घोड्याला दोन शर्यती जिंकून दिल्यात, तेही धडधाकट पायांवर. नवा ट्रेनर म्हणजे नवा सईस, नवी जागा, नवी वेळ, आणि ओढणाऱ्या, अस्वस्थ घोड्याला हे सगळं दोन महिने मागे नेतं. त्यांच्याकडे "तुम्ही प्रयत्न केला नाही" हे वाक्य घेऊन जाऊ नका. शर्यतीच्या वेळांचा कागद घेऊन जा. 24, 25, साडेसत्तावीस हे आकडे समोर ठेवा आणि विचारा: हा सुरुवातीला 25 ने पळाला तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? त्यांनी घोडा रोज बघितलाय, त्यांच्याकडे उत्तर असेल. बारा आठवड्यांचा आराखडा त्यांच्याशी बोलून बदलू द्या. त्यांच्या ट्रॅकची जमीन कडक असेल तर जोराचे दोन दिवस ते एकावर आणतील, आणि ते बरोबरच असेल. ऐकूनच घेत नसतील, तपासणीलाही नकार देत असतील, तर मग पुन्हा लिहा, तो वेगळा प्रश्न आहे.

भावालाही एक गोष्ट सांगा: त्याला घोडा लांब पळालेला बघायचाय ना, तर सकाळी नव्हे, शर्यतीच्या दिवशी बघू दे.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी थेट 2000 ला उतरू नका. आधी एक 1600 ची शर्यत, आणि तीही जिंकण्यासाठी नाही. जॉकीला सांगा, मधल्या गटात, समोर घोडा ठेवून, लगाम शक्य तितका सैल, शेवटच्या 400 पर्यंत घोड्याकडे जोर मागायचा नाही. त्यात तो निवांत पळाला आणि शेवटचे 400 मीटर आधीच्या 400 इतक्याच वेळेत आले, तर पाय आणि वजन ठीक असल्याची खात्री करून दोन ते तीन आठवड्यांनी 2000. त्या शर्यतीच्या प्रत्येक 200 मीटरच्या वेळा नोंदवून घ्या आणि मला कळवा. 1600 लाच पुन्हा ओढून सरळ पट्ट्यात थांबला, तर हा हंगाम 1400 लाच पळवा आणि निवांत पळण्याचं काम सकाळी चालू ठेवा. चार वर्षांचा आहे, पाचव्या वर्षी पुन्हा विचारता येईल.